स्पर्शाकृती आणि ज्ञानाचा हक्क

ब्रेल लिपीतले पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याच्या बोटांना एक वाक्य वारंवार भेटते. शब्द कमीअधिक वेगळे असतील, आशय एकच : येथील आकृती गाळली आहे. धड्यातला प्रश्न मात्र जिथल्या तिथे असतो : शेजारील आकृतीचे निरीक्षण करा आणि उत्तरे लिहा. ज्या आकृतीवर प्रश्न आहे ती नाही, आणि उत्तराची अपेक्षा मात्र आहे, असा हा प्रकार आहे.

भूगोलातून नकाशा काढला, भूमितीतून त्रिकोण काढला, विज्ञानातून हृदयाचा छेद आणि अर्थशास्त्रातून आलेख काढला, तर मागे काय उरते? त्या विषयाची बातमी उरते, विषय उरत नाही. मग वर्षअखेरीस शिक्षकच म्हणतात की या मुलांना गणितात गती नसते, विज्ञान त्यांना झेपत नाही, त्यांनी आपले संगीत घ्यावे, नाहीतर भाषा घ्यावी. हा युक्तिवाद आपल्या चांगलाच परिचयाचा आहे. आधी साधन नाकारायचे, आणि साधनाअभावी जी उणीव राहते तिला जन्मजात कुवत म्हणायचे, ही या समाजाची फार जुनी रीत आहे.

मला या लेखात जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे. अंध विद्यार्थ्याला बोटांनी वाचता येईल अशी आकृती देता येते. परंतु डोळसांच्या चित्राला नुसता उठाव दिला म्हणजे ती तयार होत नाही. ती बोटांसाठी नव्याने घडवावी लागते, आणि ते घडवण्याचे एक शास्त्र आहे. अशा आकृतीला मी येथे ‘स्पर्शाकृती’ म्हणतो.

हा प्रश्न आपला का?

दलित साहित्याच्या आणि विचाराच्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्या माणसांची नोंद ५० लाखांहून अधिक आहे. ही माणसे आकाशातून पडलेली नाहीत. लहानपणी ‘अ’ जीवनसत्त्व न मिळाल्याने डोळ्याच्या पारपटलावर व्रण पडतात आणि दृष्टी जाते. हा रोग कुपोषणाचा आहे, म्हणजेच तो कोणत्या वस्तीत अधिक असणार हे सांगायला तज्ज्ञ नको. वेळेवर डॉक्टर न मिळाल्याने गेलेले डोळे, खाणीत आणि खडी फोडताना गेलेले डोळे, हेही आपल्याच वाड्यावस्त्यांत सापडतात.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. ज्ञान कोणाच्या हाती राहावे आणि कोणाला ते ऐकीव स्वरूपात मिळावे, या प्रश्नावर महात्मा फुल्यांपासून आपली सगळी चळवळ उभी आहे. अंध विद्यार्थ्यालाही आज ज्ञान ऐकीव मिळते. तेव्हा हा प्रश्न करुणेचा नाही, आपल्याच प्रश्नाचा तो एक भाग आहे.

शब्दाबद्दलही एक खुलासा करतो. सरकारी कागदांत हल्ली ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. तो आला तेव्हा अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी त्याला विरोध केला. ज्यांनी ‘हरिजन’ हा शब्द नाकारला त्यांना हा विरोध समजावून सांगण्याची गरज नाही. दैवी विशेषण लावल्याने पाणवठा खुला होत नाही, आणि पुस्तकातली आकृतीही परत येत नाही. मी येथे ‘अंध’ हाच साधा शब्द वापरतो.

चामड्याच्या कारखान्यातून आलेली लिपी

ब्रेल लिपीचा इतिहास या विषयाची गुरुकिल्ली आहे. लुई ब्रेल १८०९ साली पॅरिसजवळच्या कूव्रे या गावी जन्मला. त्याचे वडील खोगिरे आणि घोड्यांचे चामडी सामान करणारे कारागीर होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी, १८१२ साली, वडिलांच्या कामाच्या जागी आरीसारख्या अणकुचीदार हत्याराशी खेळताना ते त्याच्या डोळ्यात गेले. जखम चिघळून दुसरा डोळाही गेला. फ्रान्समध्ये चामड्याच्या धंद्याला आपल्याकडची अस्पृश्यता चिकटलेली नव्हती, तेव्हा तुलना ताणू नये. परंतु कारागिराच्या घरातला हा मुलगा हाताला काय कळते हे ओळखून होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

१८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. ही शाळा व्हॅलेंटिन हाउई या सद्‌गृहस्थाने १७८५ साली काढली होती. हाउईने अंधांसाठी पुस्तकेही छापली. कशी? डोळसांची रोमन अक्षरे मोठी करून त्यांना कागदावर उठाव दिला. हाउईची तळमळ खरी होती यात शंका नाही. पण ती अक्षरे डोळ्यांसाठी जन्मलेली होती. ‘बी’ आणि ‘आर’ यांतला फरक डोळ्याला क्षणात दिसतो. बोटाला प्रत्येक वळण चाचपत जावे लागते. पुस्तके अवजड झाली, वाचन मंद झाले, आणि विद्यार्थ्याला स्वतः लिहिणे तर जवळजवळ अशक्यच राहिले.

शार्ल बार्बिये या सैन्यातल्या अधिकाऱ्याने १२ ठिपक्यांची एक लिपी तयार केली होती. ती १८२१ च्या सुमारास या शाळेत आली. तिच्यातला दोष ब्रेलला समजला : बारा ठिपक्यांचा साचा बोटाच्या टोकात मावत नाही, बोट वरखाली न्यावे लागते. त्याने ६ ठिपक्यांवर आणून लिपी बोटाच्या मापाची केली. तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. १८२९ साली त्याने ती प्रसिद्ध केली. डोळस शिक्षकांना ही लिपी रुचली नाही, कारण ती त्यांच्या डोळ्यांना ओळखीची नव्हती. १८४० च्या दशकात काही काळ त्या शाळेत तिला बंदीही होती. १८५२ साली ब्रेल वारला. अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली. भारतात सर्व भाषांसाठी मिळून भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारले गेले. आपली मराठी ब्रेल तीच.

या इतिहासातून एकच धडा घ्यावयाचा आहे. हाउईने डोळसांची वस्तू अंधांच्या हाती दिली. ब्रेलने बोटाला काय हवे ते विचारले. अक्षरांच्या बाबतीत हा वाद केव्हाच निकाली निघाला आहे. चित्रांच्या बाबतीत मात्र आपण अजून हाउईच्याच काळात आहोत. छापील आकृतीच्या सगळ्या रेघांना उठाव द्यायचा आणि ‘अंधांसाठी सोय केली’ म्हणून अहवालात नोंदवायचे, हेच आज अनेक ठिकाणी चालते.

बोट कसे वाचते?

डोळा आधी सबंध चित्र पाहतो, नंतर तपशिलात शिरतो. बोटाचे उलट आहे. बोटाच्या टोकाखाली एका वेळी जेमतेम एक सेंटीमीटरचा तुकडा येतो. तो तुकडा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, असे गोळा करीत मनात सबंध आकृती उभी करावी लागते. म्हणून गर्दी हा स्पर्शाकृतीचा पहिला शत्रू आहे.

काही मापे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. ब्रेलच्या एका अक्षरातले शेजारचे दोन ठिपके एकमेकांपासून सुमारे २.५ मिलिमीटरवर असतात आणि ठिपक्याची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर असते. याहून फार जवळ आणलेल्या दोन खुणा बोटाला एकच वाटू लागतात. म्हणून आकृतीतल्या दोन रेघांमध्ये किमान ३ मिलिमीटर आणि शक्य तेथे ६ मिलिमीटर मोकळी जागा हवी. साधारण सव्वा सेंटीमीटरपेक्षा आखूड रेघ बोटाला रेघ म्हणून ओळखू येत नाही, नुसता उंचवटा वाटतो. छापील पुस्तकातले रंग येथे नसतात. त्यांच्या जागी पोत येतात, म्हणजे खरखरीत, गुळगुळीत, ठिपक्यांचा, रेघांचा. असे पोत एका आकृतीत चार-पाचांच्या वर गेले की बोट गोंधळते. त्यातही ‘थोडा खरखरीत’ आणि ‘जरा जास्त खरखरीत’ हा फरक कामाचा नाही. काचपेपर आणि गुळगुळीत कार्ड यांच्यात असतो तसा ठळक फरक हवा.

आकारालाही दोन्हीकडून मर्यादा आहेत. फार लहान आकृती दाटते, आणि भिंतीवरच्या नकाशाएवढी मोठी आकृती हाताखाली मावतच नाही. पसरलेल्या दोन पंजांखाली येईल एवढा कागद उत्तम. अंध वाचक बहुधा एक हात एका जागी खूण म्हणून ठेवतो आणि दुसऱ्याने शोध घेतो. दोन्ही हातांची ही जोडी तुटता कामा नये.

काय ठेवायचे, काय गाळायचे?

आकृती घडवणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो असा : या धड्यात ही आकृती कशासाठी आहे? तिच्यातून विद्यार्थ्याने नेमके काय शोधायचे आहे? जे त्यासाठी लागते ते ठेवायचे, बाकीचे गाळायचे किंवा वेगळ्या कागदावर न्यायचे.

महाराष्ट्राचा नकाशा घ्या. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर. ती २५ सेंटीमीटरमध्ये बसवली तर एका सेंटीमीटरला ३२ किलोमीटर येतात. म्हणजे समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली कोकणपट्टी कागदावर साधारण दीड सेंटीमीटर रुंद झाली. छापील नकाशात याच पट्टीत किनाऱ्याची दंतुर रेघ, खाड्या, नद्या, घाट, रेल्वे, जिल्ह्यांच्या सीमा आणि गावांची नावे असे सगळे कोंबलेले असते. आता नुसते ‘रत्नागिरी’ हे नाव ब्रेलमध्ये लिहायचे म्हटले तर नऊ अक्षरखुणा लागतात. दर खुणेला ६ मिलिमीटर धरले तर नाव पाच सेंटीमीटरांच्या वर जाते. याचा अर्थ असा की रत्नागिरीपासून सुरू केलेले नाव सह्याद्री ओलांडून सांगलीच्याही पलीकडे संपेल. त्या नावाखाली डोंगर, नदी, सीमा सगळे गाडले जाईल.

यावर उपाय एकच : एका नकाशाचे अनेक नकाशे करणे. पहिल्या कागदावर फक्त राज्याची सीमा आणि पश्चिमेला बारीक पोताचा समुद्र; जमीन कोरी, कारण बोटांना पुढे तिथेच वाचायचे आहे. दुसऱ्यावर तीच सीमा, सह्याद्रीची जाड पट्टी, पूर्वेला जाणाऱ्या गोदावरी, भीमा, कृष्णा आणि पश्चिमेला जाणारी तापी. तिसऱ्यावर एका विभागाचे जिल्हे. गावांची पूर्ण नावे नकाशावर न लिहिता दोन-दोन अक्षरांच्या खुणा लिहायच्या आणि त्यांची सूची वेगळ्या पानावर द्यायची. ही सूची विद्यार्थ्याने नकाशाच्या आधी वाचायची असते. उत्तर दिशेची खूण प्रत्येक कागदावर एकाच कोपऱ्यात हवी. किनाऱ्याच्या बारीक खाचा सरळ करून टाकायच्या. मात्र धडा खाड्यांचाच असेल तर उलट तेवढा भाग मोठा करून स्वतंत्र कागदावर द्यायचा. विद्यार्थी एकामागून एक कागद चाळतो आणि मनात त्यांचा एक नकाशा करतो. याला वेळ लागतो. तो वेळ देणे हाही शिकवण्याचाच भाग आहे.

येथे आपल्या वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. स्पर्शाकृती घडवणे म्हणजे पुष्कळसे गाळणे आहे, आणि गाळण्याचा अधिकार ही साधी गोष्ट नाही. समजा, पाठात एका खेड्याचा नकाशा आहे : चावडी, देऊळ, शाळा, विहीर, बाजार, आणि गावकुसाबाहेरची वस्ती. आकृती सोपी करायला बसलेला माणूस म्हणेल, फार गर्दी होते आहे, कडेचे काढून टाकू. कडेला कोण आहे? नेमकी तीच वस्ती. त्याच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही. कागदाच्या कडेला जागा कमी होती, एवढेच त्याचे कारण असेल. परंतु तो नकाशा चाचपणाऱ्या मुलाला ते गाव एकसंध आणि निर्दोष असल्याचे कळेल. म्हणून गाळण्याची कसोटी सोय ही असता कामा नये, धड्याचा प्रश्न हीच कसोटी असली पाहिजे. आणि काही गाळले असेल तर काय गाळले ते सूचीत एका ओळीत सांगितले पाहिजे. वाचणाऱ्याला निदान हे कळावे की आपल्यासाठी कोणीतरी निवड केली आहे.

आलेख : सांगितलेला आणि वाचलेला

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. प्रथम वर्षाला मागणी-पुरवठ्याचा आलेख येतोच. माझ्या वर्गातली एक अंध विद्यार्थिनी आधीच्या शाळेतून एक पाठ केलेले वाक्य घेऊन आली होती : किंमत वाढली की मागणी कमी होते, म्हणून मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते. वाक्य बिनचूक होते. परंतु रेषा ‘उतरते’ म्हणजे काय, कशावरून कशाकडे, हे तिच्या बोटांना कधी कळलेच नव्हते. तिला कोणी शिकवले नव्हते असे नाही. तिला सांगितले होते.

तिच्यासाठी जो आलेख केला त्याची रीत अशी. जाड कार्डावर दोन अक्ष साध्या दोऱ्याचे. मागणीची रेषा सुतळीची. पुरवठ्याची रेषा ओळीने चिकटवलेल्या मोहरीच्या दाण्यांची. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे एक टिकली. मागचे चौकटीचे जाळे अगदी हलके, सुईने टोचून केलेले. क्रम ध्यानात ठेवावा : आलेखाची रेषा सर्वांत ठळक, त्याखालोखाल अक्ष, आणि जाळे सर्वांत फिके. छापील आलेखपत्रावर जाळ्याच्या शेकडो रेघा असतात. त्या सगळ्यांना सारखाच उठाव दिला तर मूळ रेषा त्यात हरवून जाते. मागणी वाढल्यावर रेषा सरकते, हे दाखवण्यासाठी त्याच कार्डावर तिसरी रेषा चिकटवली नाही. दुसरे कार्ड केले. दोन कार्डे शेजारी ठेवून टिकली कुठून कुठे गेली हे तिने स्वतः शोधले, आणि किंमत का वाढली हे मला सांगितले.

आज मोबाईल पुस्तक वाचून दाखवतो, यंत्रे चित्राचे वर्णनही करून देतात. ही साधने मोलाचीच आहेत आणि ती प्रत्येक अंध विद्यार्थ्याच्या हाती असली पाहिजेत. पण वर्णन म्हणजे दुसऱ्याने आकृती वाचून काढलेला निष्कर्ष असतो. ‘रेषा वर चढते’ हे ज्याने ऐकले तो मान डोलावू शकतो. ती किती चढते, कुठे मंदावते, सांगणारा खोटे तर बोलत नाही ना, हे तो तपासू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने वाचावे आणि आपण ऐकावे, या व्यवस्थेत आपण राहिलो. पोथीत काय लिहिले आहे हे स्वतः वाचल्यावरच तिला प्रश्न विचारता आला. आकृतीचेही तसेच आहे.

डोळसांचे संकेत

काही चित्रांत नुसती गर्दी कमी करून भागत नाही. वहीवर काढलेला घन आठवा. त्यात एक बाजू चौरस असते आणि दोन बाजू तिरप्या. त्या तिरप्या बाजूही चौरसच आहेत, हे आपण लहानपणापासून पाहून शिकलेलो असतो. जन्मांध मुलाच्या बोटांना तिरपे ते तिरपेच लागते. बोट म्हणते तिरपे, पुस्तक म्हणते चौरस. अशा वेळी मुलाच्या हाती आधी खरे खोके द्यावे, मग ते उलगडून सपाट केलेली सहा चौरसांची जाळी द्यावी, आणि मगच डोळस लोक ते कागदावर कसे काढतात ते सांगावे.

मात्र यावरून अंधांना चित्र कळतच नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी अंध माणसांच्या चित्रकलेचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९९३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बाह्यरेषेचे चित्र अंध माणसे ओळखू शकतात, इतकेच नव्हे तर स्वतः काढूही शकतात, हे त्यांनी दाखवले. तेव्हा अडथळा बोटांत नाही, आपण बोटांपुढे काय ठेवतो त्यात आहे.

हृदयाच्या आकृतीत आणखी एक संकेत दडलेला असतो. छापील चित्रात हृदयाची डावी बाजू कागदाच्या उजव्या हाताला येते, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाचे हृदय काढलेले असते. हे सूचीत सांगितले नाही तर विद्यार्थी दोन्ही बाजूंची अदलाबदल करून बसेल. शुद्ध आणि अशुद्ध रक्ताचे तांबडे-निळे रंग येथे दोन पोत होतात. तेही एकाच कागदावर नकोत : पहिल्यावर चार कप्पे आणि त्यांच्या भिंती, दुसऱ्यावर त्याच कप्प्यांत रक्त कुठून येते आणि कुठे जाते त्याचे बाण.

साधने

सर्वांत स्वस्त रीत हाताची. दोरा, सुतळी, काचपेपर, कापड, मणी, डिंक आणि जाड कार्ड. शिंप्याचे दातेरी चाक रबराच्या तुकड्यावर ठेवलेल्या जाड कागदावर फिरवले की मागच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठते. मात्र आकृती मागून दाबायची असल्यामुळे ती उलटी काढावी लागते. ब्रेलच्या पाटीवर टोचणीने लिहिणारे उजवीकडून डावीकडे लिहितात ते याच कारणाने.

अनेक प्रती हव्या असतील तर हाताने केलेल्या मूळ आकृतीवर प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून, हवा ओढून घेऊन बसवतात. याला थर्मोफॉर्म म्हणतात. त्यात उंचीचे वेगवेगळे स्तर राखता येतात. तिसरी रीत फुगणाऱ्या कागदाची. या खास कागदावर काळ्या शाईने छापून तो यंत्रातून तापवला की काळा भाग तेवढा फुगतो. ब्रेल छापणाऱ्या काही यंत्रांतून ठिपक्यांच्या आकृत्याही निघतात. दिल्लीच्या आयआयटीमध्ये शालेय पुस्तकांतल्या आकृत्या स्पर्शाने वाचता याव्यात यासाठी चांगले काम झालेले आहे.

यंत्राविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. फुगणाऱ्या कागदाची सोय हाच त्याचा धोका आहे. छापील पान जसेच्या तसे त्यावर उतरवून पाच मिनिटांत ‘स्पर्शचित्र’ काढता येते, आणि ते हाउईच्या अक्षरांसारखेच निरुपयोगी ठरते. चांगली आकृती सुतळीचीही असू शकते आणि वाईट आकृती महागड्या यंत्रातूनही निघू शकते. यंत्राआधी विचार लागतो.

तपासणार कोण?

डोळ्यांनी तपासलेली स्पर्शाकृती ही तपासलेली नसतेच. डोळस माणूस चाचपताना आधी पाहिलेले आठवत असतो. डोळे मिटूनही तो पाहतच असतो. म्हणून तपासणारा ब्रेल वाचणारा अंध माणूसच हवा, आणि शक्यतो मूळ आकृतीशी परिचय नसलेला. त्याच्या हाती कागद द्यावा, धड्यातला प्रश्न विचारावा आणि आपण गप्प बसावे. बोट कुठे अडते, कुठून परत फिरते, कोणत्या दोन खुणा एक समजल्या जातात, ते टिपून घ्यावे. उत्तर आले नाही तर दोष आकृतीचा समजावा आणि ती पुन्हा करावी. अंधांविषयीचे निर्णय अंधांना वगळून होऊ नयेत, ही मागणी येथे अगदी व्यवहाराची होते : ज्याच्या बोटांसाठी आकृती आहे त्याच्याशिवाय ती पुरीच होत नाही. हे कसबाचे काम आहे आणि त्याचा मोबदला दिला पाहिजे, हेही सांगून टाकतो.

सवलत आणि हक्क

अनेक परीक्षांत अंध विद्यार्थ्यांना नकाशा-आकृतीच्या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न देतात. आज ही सवलत काढून घ्या असे कोणी म्हणू नये; ज्याला वर्षभर नकाशा दिला नाही त्याला परीक्षेत नकाशा विचारणे हा अन्यायच होईल. परंतु सवलतीने एक सोय व्यवस्थेचीही होते. आकृती विचारायचीच नाही तर शिकवायची कशाला आणि पुरवायची कशाला? सवलत अशी नाकारण्याची सबब बनते. सवलतीची भाषा ऐकत वाढलेल्या आपल्याला हा फरक कळला पाहिजे. सवलत उपकार म्हणून सांगितली जाते. हक्काचा जाब विचारता येतो.

कायदा बाजूचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अपंगांसाठी पुस्तकांची सुलभ रूपे तयार करण्याची मुभा आली, तेव्हा प्रकाशकाची परवानगी नाही ही सबब आता चालत नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने ठरावीक प्रमाणाचे अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि शिकण्याची इतर साधने मोफत पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आकृती हे शिकण्याचे साधन नाही असे कोण म्हणेल? पण कायदा कागदावर असणे आणि पाणी ओंजळीत येणे यांत किती अंतर असते ते आपल्याला शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ साली झाला, आणि तरीही १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत जावे लागले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी निवेदन लिहिताना ‘ब्रेल पुस्तके मिळावीत’ एवढ्यावर थांबू नये. ‘सर्व आकृत्यांसह, आणि त्या आकृत्या अंध वाचकांकडून तपासून घेतलेली’ ही अट लिहावी. ही अट नसेल तर गाळलेल्या आकृत्यांची पुस्तके पुरवून मागणी पूर्ण झाल्याचे दाखवले जाईल. शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना ‘हे इथून इथे गेले’ असे न म्हणता ‘अ पासून ब पर्यंत’ असे म्हणावे. त्याने डोळस मुलांचेही भले होते. विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर आपल्या एका विषयाच्या दहा आकृत्या कराव्यात, आपल्याच महाविद्यालयातल्या अंध मित्राला त्या तपासायला द्याव्यात, आणि त्या ग्रंथालयात नोंद करून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

ज्या समाजाने माणसाचा स्पर्श विटाळ मानला त्या समाजात स्पर्शाने ज्ञान मिळते हे मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर निदान एक प्रश्न प्रत्येक ब्रेल पुस्तकाच्या बाबतीत विचारायला आपण सुरुवात करू : यातल्या आकृत्या कुठे आहेत?